तात्यांची कविता दुसऱ्या ओळीवर थांबवली

आज १६ डिसेंबर, विजय दिवस. सकाळी तात्यांना घेऊन एका कार्यक्रमाला गेले होते. आता रात्रीचे साडेदहा वाजले तरी माझं डोकं शांत होत नाहीये.

तात्या माझे चुलते. १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. १९७१ च्या युद्धात जमालपूरला होते, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात. तिथला एक किस्सा सगळ्यांना भारी आवडतो. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी ‘शरण या’ म्हणून चिठ्ठी पाठवली, तर ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या सीओने, म्हणजे प्रमुखाने, उत्तराबरोबर बंदुकीची गोळी पाठवली. पुढच्या भेटीत हातात लेखणीऐवजी स्टेनगन असू दे, असा निरोप. आजही निवेदकाने तो रंगवून सांगितला, टाळ्या घेतल्या. पण १० डिसेंबरच्या रात्री तेच बलुच वेढा फोडायला जंगी पलटणीवर चालून आले आणि सकाळी शेतांत प्रेतांचा खच पडला होता, ती सकाळ कुणी सांगत नाही. तात्या सांगतात. ओवीत सांगतात, कारण आजी जात्यावर म्हणायची तेवढंच काव्य त्यांच्या कानात होतं.

धुकं निवळलं गं आई, पडलं पोरगं रानात
कंगवा त्याच्या खिशात, केस कोण गं विंचरील

एवढंच वाचून झालं होतं. चष्मा नाकावर, अंगठा वहीच्या ओळीखाली, पुढची ओळ धरलेला. आणि निवेदकाने माईक ओढला. “तात्या, आज आनंदाचा दिवस! जरा जोशात काहीतरी होऊन जाऊ द्या!” मागून लगेच गाणं लावलं. तात्यांनी अंगठा तसाच ठेवून वही मिटली. मी पहिल्या रांगेत होते आणि उठले नाही, याचा मला स्वतःचाच संताप येतोय.

कसला जोश हवाय तुम्हाला? जो माणूस तिथे होता त्याला तुम्ही, टीव्हीवर लढाई बघणारे, जोश शिकवणार? घोषणा द्यायला तुम्ही आहातच की सगळे. तो कंगवा कोण सांगणार?

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. पहिल्या महायुद्धातला सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन शिकवताना सांगते की तो ४ नोव्हेंबर १९१८ ला पडला, युद्ध संपायला आठवडा असताना, आणि मृत्यूची तार आईच्या हातात पडली ती ११ तारखेला, शांततेच्या घंटा वाजत असताना. पोरं गप्प होतात. त्याच्या कवितेत चिखल आहे, विषारी वायू आहे, भीती आहे, म्हणून तो मोठा. आणि आमचा माणूस मेलेल्या पोराचा कंगवा घेऊन आला की त्याला म्हणायचं, आनंदाचा दिवस आहे!

हो, बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, तेवढंही कितीजण करतात? मान्य. तात्यांच्या सगळ्याच कविता चांगल्या आहेत असंही नाही, बऱ्याच नुसत्या यमकाला यमक आहेत. पण ही तशी नाही. ही लिहायला त्यांना तीस-बत्तीस वर्षं लागली. आधीच्या वह्यांत नुसते रेशनचे हिशोब आहेत.

तुमच्या घरात, गल्लीत असे कुणी असतील, १९६५ चे, १९७१ चे, श्रीलंकेतून आलेले, कारगिलचे, तर त्यांच्या वह्या मागून घ्या. आजच घ्या. ६५-७१ चे लोक तर आता थोडेच उरलेत.

तात्या अजिबात चिडले नाहीत. घरी येऊन बिनसाखरेचा चहा घेतला, शाल काकूला दिली. संध्याकाळी मी ओव्या मोबाईलवर टाईप करत बसले, तर शेजारी येऊन बसले. बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते.

मग म्हणाले, “त्यो कंगवा मी परत त्याच्या खिशात ठिवला हुता बघ. ते लिवायचं ऱ्हायलंच. तेवढं घाल.”