फियाटमध्ये दहा जण मावायचे, मग?

मेसेज तुमच्यापर्यंतही पोचला असेल. टपावर ट्रंका आणि वळकट्या बांधलेली, खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, आणि खाली मजकूर: "आमच्या फियाटमधून दहा माणसं गोव्याला जायची. पत्रा असा जाड की धडक बसली तर समोरचाच चेपायचा. ना बेल्ट, ना एअरबॅग. मुलं आईच्या मांडीवर, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आज पंधरा लाखांच्या गाडीत पाचव्याला जागा नाही!" शेवटी इंग्लंडच्या मिनी या चिमुकल्या गाडीत सत्तावीस बायका बसल्याचा विक्रम आणि हात जोडलेले इमोजी.

एरवी डिलीट करून सोडून दिलं असतं. पण आमच्या भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ताईने लिहिलं, "मग गणपतीला एकाच गाडीने जाऊ की. छोटी बसेल माझ्या मांडीवर." गाडी पाच सीटची हॅचबॅक, माणसं आठ. आता गप्प बसणं शक्य नाही.

तर आधी मांडीचंच बघू. या मेसेजमधली सगळ्यात जीवघेणी थाप तीच आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. समोरून धडक बसली की गाडी साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबते. मूल मात्र थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे जातं. 12 किलोचं मूल तेवढ्या वेळात धरून ठेवायचं तर हातांवर जवळपास 170 किलोचा भार येतो, आणि ही झाली सरासरी. सिमेंटची गोणी 50 किलोची असते. अशा तीनहून जास्त गोण्या कुणी अंगावर फेकल्या तर ताई झेलणार आहे का? त्यातून तिने बेल्ट लावला नसेल, तर ती स्वतःच मुलीवर आपटणार. दोघींना मिळून एकच बेल्ट लावला, तर आईचं सगळं वजन आणि बेल्ट यांच्यामध्ये मूल चेंगरणार. आणि मूल पुढच्या सीटवर मांडीवर असेल, तर एअरबॅग फुटतो तो थेट त्याच्या तोंडावर. जी वस्तू मोठ्या माणसाला वाचवते, तीच इथे मुलाचा जीव घेऊ शकते. कायदाही स्पष्ट आहे: 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट हवीच, नाहीतर 1000 रुपये दंड. पण दंडाचं राहू दे, आधी त्या गोण्यांचा विचार कर.

"तेव्हा कुणाला काही झालं नाही." तुमच्या घरात झालं नाही, एवढंच. तेव्हाच्या दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे रखडत चाळीस-पन्नासने जाणं आणि आज एक्स्प्रेसवेवर शंभरने जाणं यात फरक आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. पुढच्या सीटला बेल्ट बसवणं आपल्याकडे 1994 पासून सक्तीचं झालं, ते काही कंपन्यांना लहर आली म्हणून नव्हे.

आता तो जाड पत्रा. मेसेज वाचून वाटेल, पद्मिनी म्हणजे रणगाडाच. पद्मिनीचं रिकामं वजन साधारण 900 किलो. आजची स्विफ्टही जवळपास तेवढीच भरते. म्हणजे 'दणकट वजनदार गाडी' वगैरे काही नव्हतं. आणि पत्रा न वाकणं हा गुण आहे हे ठरवलं कुणी? गाडीचं नाक चेपतं तेव्हा धक्का ते खातं. नाक चेपलं नाही, तर धक्का आतल्या माणसाच्या छातीपर्यंत पोचतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेचा 2009 चा व्हिडिओ बघावा. संस्थेला 50 वर्षं झाली म्हणून त्यांनी 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. दोन्हींचा वेग ताशी 64 किलोमीटर. बेल एअर म्हणजे पाच मीटरहून लांब धूड, पद्मिनी तिच्यापुढे खेळणं. तरी बेल एअरची केबिनच चुरगळली, दार उघडलं, स्टिअरिंग ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं. खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या पुतळ्याचं फार तर पायावर निभावलं. "त्या जुन्या गाडीत इंजिनच नव्हतं" अशी अफवा नंतर फिरली. इंजिन होतं.

एवढं मात्र मान्य करावंच लागेल, की आजची गाडी म्हणून ती आपोआप मजबूत, असंही नाही. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तर पाचही शून्य तारे घेऊन आल्या. पण त्यावर उपाय म्हणून तारे बघून गाडी घ्यायची, की जुन्या पत्र्याची आरती ओवाळायची?

दहा माणसांचा हिशेबही करू. सहा मोठे, चार पोरं, टपावरच्या ट्रंका: सहज 500 किलो. म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त वजन गाडीवरच, आणि ओढायला 1089 सीसीचं जेमतेम 40 अश्वशक्तीचं इंजिन. घाट चढायची, खरं आहे. पण कशी, ते फोटोत दिसत नाही. बॉनेट उघडं, मागच्या चाकाला दगड, आणि काका ओल्या फडक्याने रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवतायत, बाकीचे चार हात लांब उभे. उतरताना तर आणखी मजा. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते तापले की ड्रम फुगतो, लायनरची पकड जाते आणि पॅडल खाली खाली जायला लागतं. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले की गाडीचं नाक वर, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर, पुढची चाकं हलकी. वर टपावरचं ओझं वळणावर गाडीला बाहेर ओढणार.

मुंबईच्या टॅक्सींच्या टपावर कॅरिअर असायचे त्याचंही कौतुक चाललंय. अहो, डिकीत सीएनजीची टाकी बसल्यावर बॅगा जाणार कुठे? आणि त्या टॅक्सीत प्रवासी चारच घ्यायची परवानगी होती. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून या गाडीबद्दल वाट्टेल ते बोलायची मुभाच मिळाल्यासारखं झालंय.

राहिला जागेचा मुद्दा. इथे मेसेज निम्मा खरा आहे, नाइलाजाने म्हणतो. पद्मिनीला पुढे सलग बाकासारखी सीट होती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, मध्ये गिअरचा दांडा नाही. दारं बारीक, बसणं ताठ. त्यामुळे चार मीटरपेक्षा कमी लांबीत खरंच ऐसपैस वाटायचं. 1959 ची मिनी तर कमालच. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं टाकलं, चाकं 10 इंची केली आणि जेमतेम 3 मीटर लांबीतला 80 टक्के भाग माणसं आणि सामानाला दिला. डिकीचं झाकण खालच्या बाजूने उघडून आडवं राहायचं, त्यावर सामान लादता यायचं, आणि मागून दिसावी म्हणून नंबरप्लेट बिजागरीवर लोंबायची. फियाटच्या 1956 च्या 600 मल्टिप्लात साडेतीन मीटरमध्ये सहा जण बसायचे.

पण हे सगळे लोक हिशेब करून गाड्या बनवत होते. फ्रान्सची सित्रोएन 2सीव्ही घ्या. कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजेंनी इंजिनिअरांना आकडाच देऊन ठेवला होता: चार माणसं आणि 50 किलो बटाटे. मागे ओझं पडलं की दिवे वर जातात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून हेडलाइट खाली करायचा खटका ड्रायव्हरच्या हाताशी दिला. जागा किती आणि गाडी पेलेल किती, हे दोन वेगळे प्रश्न असतात, आणि मेसेज लिहिणाऱ्याने पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलंय.

मिनीतल्या सत्तावीस बायकांचं म्हणाल, तर ती गाडी उभी होती. उभ्या गाडीत हवे तेवढे बसा.

आणि भाऊजी, तुमच्या आरसीवर आसनक्षमता छापलेली आहे: 5, ड्रायव्हर धरून.  माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. ताई आणि छोटी माझ्याबरोबर येतील, मुलांची सीट शेजाऱ्यांकडून मागून ठेवली आहे. पहाटे चारला निघायचं, तेवढं ग्रुपवर टाका.