आधी बोनेट तर उघडा ना बाप्पा!

पिकअप सुरू झाली नाही की लगेच 'बॅटरी गेली, नवीन टाका!' अरे, बॅटरीचं टर्मिनल, म्हणजे वायर जोडायचा खुंटा, पाहिलं का? पांढरा-हिरवा क्षार चढलाय, क्लॅम्प हातानं गरगर फिरतोय, अन् दोष बॅटरीचा? आधी मायनसची वायर काढा, खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं पुसा, पॉलिश पेपरनं घासा, दहाच्या पान्यानं आवळा. मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ मारताना साधारण 9.6 व्होल्टच्या खाली गेली तर दोष बॅटरीचा धरा.

नुसतं 'टक' वाजतं? चेसिसची अर्थिंग पट्टी, म्हणजे मायनसची जोडणी, पाहा, गंजून गेलेली असते. इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही, मग बॅटरीचा संबंधच काय? डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा, फिल्टरजवळच्या हातपंपानं डिझेलच्या लाइनमधली हवा काढा. गाडीत संत्री भरलेली, वर विदर्भाचं ऊन, अन् तुम्ही नुसता धक्काच मारत बसता काहून?