इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची नावं नाहीत

'दिल्लीच्या इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरली आहेत, त्यातली ६१,३९५ मुसलमानांची.' खाली शीख, मागासवर्गीय, दलित, सवर्ण अशी वर्गवारी. शेवटी, 'हे सत्य दडपायलाच अमर जवान ज्योत विझवली.' हा मेसेज दर ऑगस्टला उगवतो. यंदा भाचीने तो शाळेतल्या भाषणात घातला आणि ताईने कौतुकाने व्हिडिओ पाठवला. म्हणून हा खटाटोप.

आधी 'स्वातंत्र्यसैनिक'. ही कमान इंग्रज वास्तुशिल्पी ल्युटन्सची, बांधून घेतली इंग्रज सरकारने. १९२१ साली ड्यूक ऑफ कनॉटने पायाभरणी केली, १२ फेब्रुवारी १९३१ ला व्हाइसरॉय आयर्विनने उद्घाटन. त्याच आयर्विनच्या कारकिर्दीत, त्याच वर्षी २३ मार्चला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू फासावर गेले. मध्ये सहा आठवडेसुद्धा नाहीत. ते सरकार व्हाइसरॉयच्या वाड्यासमोरच्या हमरस्त्यावर बंडखोरांची नावं दगडात कोरून ठेवणार होतं? फॉरवर्ड करताना एवढंही कुणाच्या मनात येत नाही?

बरं, कमान स्वतःच सांगते ती कुणाची आहे. माथ्यावर 'इंडिया', दोन बाजूंना रोमन आकड्यांत १९१४ आणि १९१९, म्हणजे पहिल्या महायुद्धाचा काळ. खाली मजकूर: फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली वगैरे ठिकाणी पडलेल्या हिंदी फौजांच्या स्मरणार्थ, आणि हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर व तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या, इथे नावं कोरलेल्या लोकांच्या स्मरणार्थ. म्हणजे नावं फक्त या दुसऱ्या गटाची, सुमारे १३,३००. मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात गेलेल्या मराठा पलटणींतल्या शिपायांचीसुद्धा इथे नाहीत. ९५,३०० कुठून आणले, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

वर्गवारीवर काय बोलणार? दगडावर नाव, हुद्दा, पलटण आहे. जातीचा रकाना नाही. १९१९ मध्ये खैबरकडे मेलेला शिपाई मागासवर्गीय होता हा दाखला कुठल्या तहसील कचेरीने दिला?

एक मान्य करावं लागेल. त्या भिंतींवर मुसलमानांची नावं भरपूर आहेत, कारण इंग्रजांची भरती पंजाबात जोरात होती. पण तिथेच शीख आहेत, हिंदू आहेत, गुरखे आहेत, गोरे अधिकारीही आहेत. स्वातंत्र्यलढ्यातलं मुसलमानांचं योगदान सिद्ध करायला अशफाकउल्ला खान आहेत, मौलाना आझाद आहेत. खोट्या आकड्यांनी उलट त्यांचंच हसं होतं.

गैरसमजाचं मूळ मात्र आपल्या प्रजासत्ताकातही आहे. १९७१ च्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ ला इंदिरा गांधींनी याच कमानीखाली अमर जवान ज्योत सुरू केली. दर वर्षी पंतप्रधान तिथे मानवंदना देत, संचलन समोरून जाई. बाजूच्या छत्रीतला इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याचा पुतळा १९६८ मध्येच हलवला होता. पन्नास वर्षं हे पाहिल्यावर परक्या साम्राज्याचं स्मारक लोकांना आपलं वाटणारच.

राहिली ज्योत. २१ जानेवारी २०२२ ला ती जवळच्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत मिसळली. कमानीवरची नावं जिथल्या तिथे आहेत. तो निर्णय मलाही पटलेला नाही, त्यावर खुशाल टीका करा. त्यासाठी ९५,३०० माणसं जन्माला घालायची गरज नाही.