तो प्लास्टिकचा तांदूळ नाही

रेशनच्या तांदळात प्लास्टिक सापडल्याचा व्हिडिओ परवा पुन्हा फॅमिली ग्रुपवर आला. वाटीभर पाणी, वर तरंगणारे चार दाणे आणि मागून आवाज, "बघा, गरिबाला काय खायला घालतायत!"

अहो, ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून पुन्हा तांदळासारखे दाणे पाडतात. 100 किलो तांदळात असे साधारण किलोभर. पिठाचे म्हणून हलके, रंगही जरासा वेगळा, त्यामुळे सुपात लगेच नजरेत भरतात. मग बायका ते खड्यासारखे वेचून टाकतात. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, नेमकं तेच केरात!

पण वेचणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. पोत्यावर लिहिलंय काय, तर 'फोर्टिफाइड'. इंग्रजीतलं हे क्रियापद किल्ल्याला तटबंदी करण्यापासून पोर्ट वाइनमध्ये द्राक्षाची ब्रँडी ओतण्यापर्यंत कुठेही चालतं. त्यावरून तांदळात काय घातलंय हे तिला कसं कळणार? आपल्या सरकारी मराठीने त्याचं 'गुणसंवर्धित' केलं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. 'लोह घातलेला तांदूळ' लिहायला काय जातं?

मिठात आयोडीन आलं तेव्हा एवढी भानगड झाली नाही, कारण आयोडीन कुणाला वेचून काढता येत नाही. तांदळाचं तसं नाही. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून असा तांदूळ वाटायची योजना जाहीर झाली, ऑक्टोबर 2024 मध्ये ती डिसेंबर 2028 पर्यंत वाढवलीही. पण दुकानात समजावून सांगायचं काम कुणाचं, ते अधांतरीच.

आणि हा प्रश्न नुसत्या अफवेचा नाही. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार; त्यांच्या रुग्णांना जादा लोह बाधू शकतं, म्हणून लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर त्यांच्यासाठी सावधगिरीची सूचना छापायचा नियम होता. तांदळाच्या बाबतीत धोक्याचा पुरावा नाही, असं सरकारने पुढे सांगितलं. असेल बुवा. पण गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि तिथल्या माणसाला पोत्यातून पिशवीत सुटा तांदूळ मिळतो. त्याला ना ती सूचना कळली, ना हा खुलासा.

माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक रेशन दुकानात काउंटरवर एक काचेची बरणी ठेवा. आत फक्त ते दाणे. वर ठळक मराठीत: 'यात लोह आहे, वेचून टाकू नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारा.' तेवढ्याला टेंडर काढावं लागत नाही.