दोन आटे फिरवून घोडे वाढत नसतात

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी आतेभावाचा फोन आला. "दादा, गाडी उठूनच नाही राहिली." गाडी म्हणजे त्याची जुनी सोळा-तेरा, टाटाचा १६१३ ट्रक. १० हजार लिटरची टाकी बसवून तो नागपुरात हुडकेश्वरकडच्या लेआउटमध्ये पाणी टाकतो. वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांतच. वाडीत माझं इंजिन बोअरिंगचं, म्हणजे इंजिनं खोलून दुरुस्त करायचं, दुकान आहे, त्यामुळे घरातली असली सगळी दुखणी माझ्याकडेच येतात.

डिपस्टिक काढली तर ऑइल पाण्यासारखं पातळ, वास डिझेलचा. हेड उघडलं. चौथ्या नंबरच्या पिस्टनचा काठ उंदरानं भाकर कुरतडावी तसा खाल्लेला, लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीवर, उभे ओरखडे. मग इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाकडे पाहिलं. डिझेल किती जायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूवरचं शिशाचं सील गायब. "काऊन रे, हे कोणी तोडलं?" तर त्यानं मोबाइल पुढे केला. तो मेसेज ट्रान्सपोर्टवाल्यांच्या निदान चार ग्रुपवर मी स्वतः पाहिला होता आणि हसून सोडून दिला होता. सोडायला नको होता.

मेसेजचं म्हणणं असं: टाटाचं ६९७ इंजिन (सोळा-तेरात तेच असते) म्हणजे हिटलरच्या रणगाड्याचं इंजिन. पंपाचं सील तोडून स्क्रू दोन आटे आत घ्या, १३० चे ३०० घोडे (हॉर्सपॉवर) होतात. अॅव्हरेज दीडपट. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेका. आणि हे इंजिन मरतच नव्हतं म्हणून कंपनीनं मुद्दाम बंद केलं.

रणगाड्याचं आधी उरकतो. टायगर आणि पँथर रणगाड्यांत मायबाखची १२ सिलिंडरची इंजिनं होती, आणि ती पेट्रोलवर चालत. डिझेलचा संबंधच नाही. जर्मन नातं मात्र खरं आहे, तेवढं कबूल करतो. १९५४ साली टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. पण त्यांतलं इंजिन होतं ओएम ३१२. ते १९४९ मध्ये आलं, म्हणजे युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ९० मिमी, साडेचार लिटरच्या वर थोडं. तुमचं ६९७ ते नाहीच. ६९७ चा अर्थ नावातच आहे: ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८, मिळून ५,६७५ सीसी. हे मोजमाप मर्सिडीजच्या १९६४ च्या ओएम ३५२ चं आहे.

आता तो स्क्रू. डिझेल इंजिनात हवा अडवायला झडप नसते. हवा जेवढी आत येते तेवढी येते, ताकद ठरते ती सोडलेल्या डिझेलवर. म्हणून लोकांना वाटते की डिझेल वाढवलं की झालं. पण जाळायला हवा लागते ना बापा! हिशेब मांडू. ५,६७५ सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या विरळ, तापलेल्या हवेत ते तासाला साधारण ४३० किलो हवा ओढेल. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. ३०० घोड्यांसाठी तासाला निदान ५० किलो डिझेल जाळावं लागेल, म्हणजे ७२५ किलो हवा. उरलेली ३०० किलो हवा कुठून आणणार?

उलट १३० घोड्यांना तासाला २२ किलोच्या आसपास डिझेल पुरते. किलोमागे जवळपास २० किलो हवा येते, धूर आटोक्यात राहतो. सील लावलेला स्क्रू उभा असतो तो याच हिशेबावर.

डिझेलला हवा पुरली नाही की सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. सगळ्यांना दिसतो तो तेवढाच. आत काय होते ते मी रोज पाहतो. डिझेल उशिरापर्यंत जळत राहते, सायलेन्सरकडे जाणारा गॅस भयंकर तापतो आणि पिस्टनचं डोकं ॲल्युमिनियमचं असल्यानं तेच आधी वितळते. न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, बेअरिंग उघडी पडतात. आतेभाऊ पहिले दोन दिवस खूश होता. "दादा, पिकअप पाहा!" पिकअप थोडा वाढतो, खोटं कशाला बोलू. २० आणि साडेचौदाच्या मध्ये थोडी जागा असते, अर्धा आटा त्यातच मुरतो. पण त्याला दोन आटे हवे होते, वर ४५ अंशांचं ऊन आणि मागे दहा टन पाणी.

याहून जास्त काही सांगायची गरज नाही, तरी एक सांगतो. ओएम ३५२ ला मर्सिडीजनं स्वतः टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, लावला, तेव्हा ते १३० वरून १६८ वर गेलं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना टर्बो लावून १६८, आणि यांना पेचकसानं ३००!

अॅव्हरेजचं तर वाचूनच हसू येते. एकाच मेसेजात डिझेल जास्त सोडा आणि डिझेल वाचेल. थर्मोस्टॅट काढण्याचा रोग आपल्याकडे जुना आहे. मे महिन्यात तो तसाही उघडाच राहतो, काढून काही मिळत नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र इंजिन तापायला वेळ लागतो आणि लायनर झिजतात.

आणि "मरत नव्हतं म्हणून बंद केलं"? अहो, मरत नसतं तर माझं दुकान कशावर चाललं असतं? ६९७ चांगलं एवढ्यासाठी की मेलं तरी परत उभं करता येते. लायनर बदला, पिस्टन बदला, पंप बेंचवर लावा. बंद व्हायचं कारण धुराचे नियम. जमशेदपूरला नव्या इंजिनांसाठी टाटा-कमिन्सची कंपनी १९९३ मध्ये निघाली, २००० पासून भारत स्टेजचे नियम आले. तरी ६९७ लगेच गेलंच नाही. त्याला टर्बो लागला, ती हवा थंड करणारा इंटरकूलर लागला आणि एवढं करूनही सोळा-तेराला कंपनीनं ते १३० घोड्यांवरच ठेवलं, कारण ती हवा धूर कमी करायला हवी होती.

सहा लायनर, सहा पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅसकिट असं सगळं टाकलं. पंपवाल्यानं बेंचवर सहा काचेच्या नळ्यांत डिझेल उतरवून मोजलं. सहाही रेषा बरोबरीत आल्यावर स्क्रूला तार आणि नवं सील. सोळा दिवस टँकर उभा होता, तेही ऐन सीझनमध्ये.

काल आतेभाऊ विचारून राहिला होता, "दादा, मग खरोखरचा टर्बो लावला तर?" मी म्हटलं, लावता येतो, पण आधी तुझ्या मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर खोलून पाहू.