चोर सोडून गिअरबॉक्सला

जुनी जीप चेरोकी बाळगणारा माणूस ओळखायचा असेल तर अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या गणपतीत थेट पार्किंगमध्ये जावं. टोयोटा-होंडांच्या गुळगुळीत रांगेत एक चौकोनी डबा उभा असतो आणि आत आरती चालू असताना कुणीतरी त्याच्याखाली पुठ्ठा अंथरून टॉर्च मारत असतं. झब्ब्यावर लाल डाग. तो कुंकवाचा नसतो.

या डब्याचा गिअरबॉक्स 'गेला' हे सांगायला पात्रता लागत नाही. सिग्नलवर गाडीने एक हिसका दिला, की ज्याचा यंत्राशी संबंध मिक्सरच्या भांड्याच्या पलीकडे गेलेला नाही, तोसुद्धा शेजारच्या सीटवरून मान हलवत म्हणतो, "ट्रान्समिशन गेलं तुमचं." आवाज असा, की आता दहाव्याचीच तारीख विचारेल. गॅरेजवाल्यासाठी ही पर्वणी, कारण 'गेलं' म्हणजे खाली उतरवणं, उघडणं आणि गाडीच्या किमतीइतकं बिल. माझा अनुभवी पूर्वग्रह मात्र असा, की या बॉक्सच्या नावावर लागलेले बहुतेक गुन्हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेले असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

संन्यासी मूळचा जपानी. ओहायोतल्या टोलेडोमध्ये ही चौकोनी चेरोकी २००१ सालापर्यंत बनत होती. १९८७पासून तिच्या चार लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनामागे आयसिन-वॉर्नरचा एडब्ल्यू-४ नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बसू लागला. टोयोटाच्या ए-३४० चा हा भाऊबंद. अमेरिकन घरातला जपानी जावई म्हणा. कमी बोलतो, मान देतो, पण आपलं ऑइल सोडून दुसरं पाजलंत तर रुसतो. त्याला डेक्स्रॉन-मर्कॉन जातीचं ऑइल लागतं. पार्टच्या दुकानातला पोरगा 'क्रायस्लरची गाडी' एवढंच ऐकून एटीएफ प्लस फोरची बाटली पुढे करतो. ती घेऊ नये.

तपासणीआधी तक्रार नीट मांडावी. 'गाडी बरोबर चालत नाही' ही तक्रार नव्हे, तो सुस्कारा झाला. गिअर उशिरा बदलतो? दणका देऊन बदलतो? की बदलतो, पण इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत. या बॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, किती जोरात बदलायचा ते थ्रॉटलपासून (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी इंजिनाची हवेची झडप) निघालेली एक साधी केबल ठरवते, आणि घसरत असेल तर ऑइल किंवा आतल्या क्लच प्लेटा. एवढी वाटणी डोक्यात बसली, की अर्धी गॅरेजं आपोआप बाद होतात.

सुरुवात गिअरबॉक्सचं ऑइल मोजायच्या कांडीपासून. लोक इंजिन ऑइलसारखं सकाळी थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून बघतात आणि मग "भरपूर आहे की!" म्हणून खूश होतात. हा नियम इथे चालत नाही. पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून ऑइल तापवायचं, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकेकदा नेऊन न्यूट्रलला आणायचा आणि इंजिन चालू असतानाच कांडी काढायची. पहिल्यांदा काढलेली कांडी खोटं बोलते, कारण नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल तिला पुसून येतं. पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची आणि दोन्ही बाजू बघायच्या. कमी असलेली बाजू खरी. मिशिगनच्या जानेवारीत हे करताना हातमोज्याचा एक धागा कांडीला चिकटून आत जाऊ पाहतो. म्हणून मोजे काढायचे आणि बोटं गमवायची.

मग तो थेंब पांढऱ्या टिश्यूवर. लाल आणि पातळ डाग पसरला तर निश्चिंत. तपकिरी म्हणजे वय झालंय. काळा आणि मध्ये काजळीचा ठिपका ठेवून कडेने पसरणारा, वर जळक्या टोस्टचा वास, म्हणजे प्लेटा जळू लागल्यात. आणि गुलाबी, दाट, थेट मस्तानीसारखा दिसला तर गाडी तिथेच बंद करा. ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते, तिथे आतून फुटून कूलंट मिसळलंय. पाण्याने प्लेटांचं अस्तर सुटतं. अशा वेळी 'सोमवारी बघू' म्हणणाऱ्याचा सोमवार फार महागात जातो.

ऑइल कमी आहे, पण खाली थेंब नाही? इथे फोर-व्हील-ड्राइव्हची खास गंमत सुरू होते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, लटकलेली असते आणि तिच्यातही तेच लाल ऑइल. दोघांमधलं सील गेलं, की एकाचं ऑइल दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जातं. बाहेर थेंब नाही, रस्ता कोरडा, कांडी कोरडी. ट्रान्सफर केसचा भरायचा बोल्ट सोडा. ऑइल भोकाच्या काठापर्यंत यायला हवं. बोल्ट सुटताच धार लागली तर पाहुणा सापडला.

दुसरी गंमत याहून लाजिरवाणी आहे. इंजिन चालू, लिव्हर डीमध्ये आणि गाडी जागची हलत नाही. सगळं मंडळ जमा होतं. छोट्या लिव्हरकडे मात्र कुणी बघत नाही. ट्रान्सफर केसलाही स्वतःचा न्यूट्रल असतो. लिव्हरचे बुश झिजलेले असतात, लहान मुलाचा पाय लागतो आणि ती अर्ध्यात येऊन बसते. तसंच, पार्ट-टाइम फोर-व्हील कोरड्या डांबरावर लावून वळलात तर गाडी अडखळणारच. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर जायचं असतं आणि तुम्ही त्यांना एकाच गाठीत बांधलंय. त्यात गिअरबॉक्सचा काय दोष? आणि आरमधून डीमध्ये टाकताना 'खट्ट' वाजलं तर आधी गाडी बंद करून, चाकांना दगड लावून प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा. बहुतेकदा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलेला असतो, नाहीतर गिअरबॉक्सच्या खालचं रबरी माउंट. उभ्या गाडीत इंजिनच्या मागून लोखंडी टकटक येत असेल तर फ्लेक्सप्लेटला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या पातळ चकतीला, तडा गेलाय का बघा. या इंजिनांना ती खोड आहे.

आता माझा लाडका प्रयोग. खर्च शून्य. ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरचा फ्यूज काढायचा. घाबरायचं नाही. या बॉक्सला मेंदू नसला तरी हातपाय चालतात. पार्क आणि रिव्हर्स पूर्वीसारखेच, कारण ते लिव्हरच्या दांडीवर चालतात. एक-दोनच्या खुणेवर लिव्हर ठेवला तर पहिला गिअर, तीनवर तिसरा, डीवर चौथा. म्हणजे आता तुम्ही हाताने गिअर टाकणारे. सुरुवात एक-दोनवरून, मग तीन, मग डी. डीमध्येच उठायला गेलात तर ती चौथ्यात उठते, म्हणजे जेवून तृप्त झालेल्या माणसाला हाक मारल्यावर जशी हालचाल होते तशी. एक काळजी घ्यायची. वेगात असताना लिव्हर एक-दोनला ओढायचा नाही. एरवी असला अविचार कॉम्प्युटर थोपवतो, पण आत्ता त्याला तुम्हीच रजेवर पाठवलंय.

तीनही गिअर घट्ट लागले, न घसरता ओढले, तर आतली यंत्रणा बहुतेक शाबूत आहे आणि चोर विजेच्या वायरींमध्ये बसलाय. फ्यूज असतानाही गाडी अशीच वागत होती, काढल्यावर काहीच फरक पडला नाही, तर कॉम्प्युटर आधीपासूनच झोपलेला होता. तेव्हा फ्यूज, वायर आणि अर्थिंग बघा. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. या प्रयोगात दुसरा गिअर तपासलाच जात नाही. दुसऱ्यासाठी दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडना, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपांना, वीज लागते. पहिल्यात फक्त एक चालू, तिसऱ्यात फक्त दुसरा, चौथ्यात दोन्ही बंद. म्हणूनच वीज गेली की डीवर चौथा मिळतो. कनेक्टर सोडून मीटर लावा. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड आणि लॉक-अपचा (वेगात इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट बांधणारा) तिसरा, प्रत्येकी ११ ते १५ ओहम दाखवायला हवेत. एखादा अनंत दाखवत असेल तर तो देवाघरी गेला, पण त्यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही. बॉक्सच्या खालचा ऑइलचा तवा खोलला की ते हाताशी येतात.

चोराच्या संशयितांत पहिला नंबर न्यूट्रल सेफ्टी स्विचचा. बॉक्सच्या प्रवासी बाजूला, नेमका चिखल, बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ उडतं तिथे, बसवलेला. पार्कमध्ये गाडी सुरू होत नाही, न्यूट्रलमध्ये होते. रिव्हर्सचे दिवे लागत नाहीत. तिसरा मागितला की मिळतोच असं नाही. लिव्हर कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगणारा हाच, आणि हाच चुकीच्या बातम्या देतो. काढायला लिव्हरचा दांडा सोडायचा, नटाच्या वायसरचे वाकवलेले कान सरळ करायचे (ते मोडले तर नवीन वायसर, मोह आवरा), नट, मग एक बोल्ट. स्विच टेबलावर उघडला, की आत कारखान्याचं ग्रीस असतं. एकेकाळी ते ग्रीस होतं. आता त्याचा चिवट काळा हलवा झालेला असतो आणि त्याखाली तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर आणि पातळसा डायइलेक्ट्रिक ग्रीस. बसवताना शाफ्ट पूर्ण मागे नेऊन दोन टप्पे पुढे आणला की न्यूट्रल. त्या जागी स्विचवरची रेघ आणि शाफ्टची खाच जुळवायची. अंदाजे बसवलात तर गाडी फक्त ड्राइव्हमध्ये सुरू होण्याचा चमत्कारही बघायला मिळतो.

दुसरा संशयित थ्रॉटल पोझिशन सेन्सर. मीटर लावून पेडल हळूहळू दाबा. व्होल्टेज एकसारखं चढायला हवं. मध्येच कोसळून पुन्हा वर आलं, तर कॉम्प्युटरला वाटतं ड्रायव्हरने पाय काढला, आणि तो नको तेव्हा गिअर बदलतो.

तिसरा संशयित कुणाच्या स्वप्नातही येत नाही. ब्रेक पेडलचा स्विच. ब्रेक लागला की कॉन्व्हर्टरचं (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या डब्याचं) लॉक-अप सुटायला हवं, ही बातमी तो देतो. तो चुकीचा बसला असेल तर बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटतं, हा माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच शिकागोला निघालाय. लॉक-अप कधी लागतच नाही, ऑइल तापतं, पेट्रोल जास्त जातं. हायवेवर ताशी पन्नास मैलांच्या आसपास पेडल स्थिर धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. टॅकोमीटरचा काटा किंचित उडून पुन्हा खाली बसला तर लॉक-अप जिवंत. ढिम्म राहिला तर आधी स्विच.

दणके बसत असतील किंवा बदल रबरासारखा लांबत असेल तर थ्रॉटलची ती केबल. जुळवणी दोन मिनिटांची. इंजिन बंद, केबलच्या टोकाचं बटण दाबून दांडा आत ढकलायचा, बटण सोडायचं आणि थ्रॉटल हाताने पूर्ण उघडायचा. टकटक करत ती स्वतःच जागेवर येते. एवढं सोपं आहे म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

एवढं सगळं स्वच्छ निघालं आणि तरी ती घसरतेय, तर घड्याळ घ्या. गरम गाडी, हँडब्रेक, ब्रेकवर पाय. न्यूट्रलमधून डीमध्ये टाकल्यावर धक्का जाणवेपर्यंत १.२ सेकंदाच्या आत, आरमध्ये १.५ च्या आत. मध्ये एकेक मिनिट विश्रांती देत तीनदा मोजून सरासरी. दोन्हीकडे उशीर म्हणजे दाब कमी, फक्त डीकडे म्हणजे गाडी पुढे नेणारा क्लच झिजलेला. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची जी स्टॉल टेस्ट आहे, ती पाच सेकंदांच्या वर नको आणि गाडीसमोर कुणी उभं असताना तर नकोच. दोन्ही गिअरमध्ये आरपीएम फार चढले तर आत घसरतंय, फार कमी राहिले तर इंजिनच अशक्त आहे. मग इतके दिवस गिअरबॉक्सला शिव्या दिल्याबद्दल त्याची माफी मागायची.

आणि खरंच प्लेटा जळल्या असतील, तर माझ्या हिशेबाने उघडण्यापेक्षा भंगारातला धडधाकट बॉक्स बरा. उतरवताना वरचे दोन बोल्ट उलट्या टॉर्क्सच्या ई-१२ डोक्याचे असतात. साधा पान्हा लावून त्यांची डोकी खाणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. क्रँक सेन्सर आधी काढा, नाहीतर बॉक्सबरोबर तोही चिरडून येतो. कूलरच्या नळ्या धुतल्याशिवाय नवा बॉक्स जोडू नका, जुन्या बॉक्सची राख त्यांच्यातच बसलेली असते. भरताना लक्षात ठेवा, पूर्ण कोरड्या बॉक्सला सुमारे आठ लिटर लागतं, पण नुसतं खालचं ड्रेन बोल्ट काढून बदललंत तर निम्मंच बाहेर येतं, बाकीचं कॉन्व्हर्टरमध्ये दडून बसतं.

भंगारात मात्र घाईने पैसे मोजू नका, आधी दात मोजा. टू-व्हीलचा बॉक्स चालत नाही, मागचं टोकच वेगळं. आणि फोर-व्हीलमध्येही सुरुवातीच्या वर्षांच्या आउटपुट शाफ्टला (मागे ट्रान्सफर केसमध्ये शिरणारा दांडा) २१ दात, नंतरच्यांना २३. तुमच्या ट्रान्सफर केसला कुठले लागतात ते घरून मोजून या, एका दातावर खडूची खूण करा आणि तिथपर्यंत परत येईपर्यंत मोजा. २२ आले तर पुन्हा मोजा. २२ चा कुणी बनवलेलाच नाही.