कवळीचं माप आणि प्लास्टरची अफवा

‘कवळीचं माप घेताना डॉक्टर तोंडात प्लास्टर ऑफ पॅरिस भरतात, ते पोटात गेलं की दगड होतो’ असा निरोप सध्या फिरतोय. तसं नाही. ट्रेमधला तो गुलाबी, पुदिन्याच्या वासाचा लगदा बहुतेक वेळा अल्जिनेटचा असतो. ते तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात. आइस्क्रीम दाट करायलाही सोडियम अल्जिनेट वापरतात. पूड पाण्यात घोटली की तिच्यातल्या कॅल्शियममुळे दोन-चार मिनिटांत रबरासारखी जेली होते. गार पाण्यात उशिरा जमते, कोमट घेतलं तर वाटीतच घट्ट! (उन्हाळ्यात डॉक्टर घाई करतात ती यासाठी.)

प्लास्टर येतं ते नंतर, तोंडाबाहेर, या साच्यात ओतायला. तेही लवकर, कारण उघड्यावर ठेवलेला साचा पाणी सोडून आक्रसतो, पाण्यात बुडवला तर फुगतो. मग कवळी नीट बसत नाही. साचा बरेच दिवस टिकवायचा तर सिलिकॉन बरं, पण ते महाग.

पूर्वी प्लास्टरनेही माप घेत, हे खरं. अफवेचं मूळ तिथेच असावं. लगदा घशाकडे ओघळला तर गिळू नका, पुढे वाका आणि नाकाने श्वास घ्या.